शोधनिबंध छापून येण्याआधी

करोनाच्या पहिल्या लाटेतली एक तारीखवार गोष्ट. डेक्सामेथासोन हे जुने, अगदी स्वस्त स्टेरॉइड गंभीर रुग्णांचे प्राण वाचवते, असा निष्कर्ष ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने १६ जून २०२० रोजी जाहीर केला. २२ जूनला संपूर्ण शोधनिबंध ‘मेडआर्काइव्ह’ या संकेतस्थळावर आला. तो कोणालाही फुकट वाचता येत होता. २७ जूनला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हे औषध उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत घातले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात तोच निबंध प्रसिद्ध झाला १७ जुलैला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण या औषधाने सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणले होते. मधले तीन आठवडे वाट पाहत बसणे किती महाग पडले असते, हे त्या दिवसांत वॉर्डात काम केलेल्या कोणालाही समजेल.

नियतकालिकात निबंध छापायचा तर आधी त्या विषयाचे दोन-तीन जाणकार तो तपासतात, शंका काढतात, लेखक उत्तरे देतात. यात महिने जातात. या तपासणीआधीच निबंध सर्वांसमोर ठेवायचा, याला प्रीप्रिंट म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ हे १९९१ पासून ‘आर्काइव्ह’वर करत आले आहेत. वैद्यकाने मात्र फार उशीर केला. मेडआर्काइव्ह सुरू झाले जून २०१९ मध्ये, करोनाच्या जेमतेम सहा महिने आधी. हा उशीर मला तरी भित्रेपणा वाटत नाही. कृष्णविवरावरचा निबंध चुकला तर कुणाच्या तोंडात चुकीची गोळी जात नाही.

ती भीती खरी ठरायलाही वेळ लागला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट आला. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाने करोनाचे मृत्यू तब्बल ९० टक्क्यांनी कमी होतात, असा त्यात दावा होता. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. ती याच निबंधामुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण या औषधाच्या बाजूने तेव्हा पुढे केल्या जाणाऱ्या एकत्रित विश्लेषणांत इजिप्तच्या आकड्यांचे वजन मोठे होते. जुलै २०२१ मध्ये तो प्रीप्रिंट मागे घेतला गेला. गडबड पकडली ती लंडनमधल्या वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने. प्रस्तावनेतला मजकूर इकडून तिकडून उचललेला निघाला आणि अभ्यास सुरू होण्यापूर्वीच मरण पावलेले रुग्णही आकडेवारीत सापडले.

मग छापील नियतकालिकच बरे, असे म्हणावे तर ‘लॅन्सेट’चे उदाहरण आडवे येते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात, असे सांगणारा निबंध तिथे २२ मे २०२० रोजी आला. ६७१ रुग्णालये, ९६ हजार रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. हा निबंध रीतसर समीक्षण होऊन आलेला होता. पण ऑस्ट्रेलियातले त्यातले मृत्यू प्रत्यक्ष सरकारी नोंदींपेक्षा जास्त भरतात, हे वाचकांच्या लक्षात आले. शंभरहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. माहिती पुरवणारी कंपनी मूळ नोंदी दाखवेना. ४ जूनला निबंध रद्द! पूर्वी असे पत्र टपालाने जायचे आणि छापून यायचेच झाले तर काही महिन्यांनी, मागच्या पानावर.

या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की निबंध कुठे आला यापेक्षा त्याची मूळ आकडेवारी इतरांना तपासता येते का, हे आधी विचारावे. डेक्सामेथासोनची चाचणी कशी चालली, याचा आराखडा आधीपासून उघड होता. वर सांगितलेल्या दुसऱ्या दोन निबंधांत मूळ नोंदी उघडायला लावल्यावरच डोलारा कोसळला.

बनावट निबंधांचा धंदाही याच साधनांवर पोसला आहे. वाङ्मयचौर्य पकडणारे सॉफ्टवेअर आले, तेव्हा चोरलेल्या मजकुरातले शब्द यंत्राकडून बदलून घेण्याची युक्ती निघाली. त्यातून ‘स्तनाचा कर्करोग’ याऐवजी ‘छातीचे संकट’ अशा थाटाची इंग्रजी छापून आली. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गीयोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा वेड्यावाकड्या शब्दप्रयोगांची यादी करून, त्यांवरूनच संशयास्पद निबंध शोधायला सुरुवात केली. २०२३ मध्ये ‘हिंदावी’ या एकाच प्रकाशनाचे ८ हजारांहून अधिक निबंध रद्द झाले.

बातमीत किंवा समूहावर एखादे ‘नवे संशोधन’ दिसले तर मूळ पान उघडून पाहावे. मेडआर्काइव्हच्या पानावर ‘याचे समीक्षण झालेले नाही, उपचारांसाठी आधार घेऊ नये’ अशी सूचना असते. ‘पबमेड’वर रद्द झालेल्या निबंधाच्या माथ्यावर तसा ठळक शेरा असतो. रद्द निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची मोठी यादीही सप्टेंबर २०२३ पासून सर्वांना फुकट खुली आहे. पूर्वीच उतरवून ठेवलेल्या आणि मोबाइलवरून मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफवर मात्र यातला कोणताही शेरा आपोआप उमटत नाही.