नोकरी लावून देण्याचा धंदा

‘नोकरी लावून देतो’ हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांत फार बदनाम झालेले आहेत. कुणी एकर गहाण टाकला, कुणी बायकोच्या पाटल्या मोडल्या, पैसे दिले आणि नोकरी काही लागली नाही, अशी एखादी तरी गोष्ट प्रत्येक गावात ऐकायला मिळते. तरीसुद्धा या धंद्याला जागा आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज इकडच्या कारखान्यांना फिटर, वेल्डर, पॅकिंगला बसणाऱ्या मुली हव्या असतात. तालुक्याच्या आय.टी.आय.तून बाहेर पडलेल्या मुलांना कुठं जावं ते कळत नाही. या दोघांची गाठ घालून देणारी खासगी कचेरी जर कुणी पहिल्यांदाच काढणार असेल, तर त्याने काय काय पाहावं, ते आज सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. सरकारी नोकरी अशा कचेरीतून लागत नाही. ती जाहिरात, परीक्षा आणि निवड यादी यांतूनच लागते. तुमच्या दारात कुणी त्यासाठी आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

तसा हा धंदा आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसं भरायचं काम जॉबर करी. बायकांच्या खात्यात नायकीण करी. कोकणातून आणि देशावरून आलेला माणूस गिरणीत शिरायचा तो जॉबरच्या हातूनच, आणि त्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागायची. रजेवर गेला, परत आला, की पुन्हा दस्तुरी. १९२९ साली नेमलेल्या कामगार आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, आणि पुढं १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघाने बदली कामगारांच्या भरतीसाठी वेगळी व्यवस्था सुरू केली. दुसरं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे: बीडकडचा ऊसतोडीचा मुकादम. तो कारखान्याकडून उचल आणतो, हंगामाआधी कोयत्यांना, म्हणजे नवराबायकोच्या जोड्यांना वाटतो. ती ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला मान पुन्हा त्याच जोखडाखाली. जॉबर असो की मुकादम, कारखान्याची अडचण दोघांनी भागवली खरी, पण माणूस मात्र पैशाने बांधला गेला.

म्हणून कचेरीची पाटी रंगवायच्या आधी एक ठरवावं लागतं: आपली दलाली कुणाकडून घ्यायची? शेतकऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. फळं आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असं आपल्या राज्यात २०१६ साली ठरलं. तसंच इथं. माणूस ज्याला हवा आहे तो खरेदीदार, दलाली त्याने द्यायची. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९७ मध्ये खासगी रोजगार संस्थांविषयी जो करार केला, त्यातही हेच मुख्य तत्त्व आहे. मुलाकडून ‘नोंदणी फी’ म्हणून पाचशे रुपये घेतले की तुमची कमाई मुलं रांगेत उभी करण्यावर होऊ लागते. मग त्यांना नोकरी लागते की नाही याची निकड उरत नाही. माझ्या मते या धंद्याची सगळी नासाडी त्या पाचशे रुपयांपासून सुरू होते.

कायद्याची कुंपणं ओळखून ठेवा. माणूस दाखवला, कारखान्याने त्याला आपल्या हजेरीपटावर घेतलं, तुमचं काम संपलं, हा एक प्रकार. पण माणसं तुमच्याच पटावर ठेवून, त्यांचा पगार तुम्ही वाटून ती कारखान्याला पुरवलीत, तर तुम्ही कंत्राटदार झालात. त्याला पूर्वी १९७० चा कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक मजूर ठेवणाऱ्या कंत्राटदाराला त्यात परवाना सांगितला आहे. तिसरा प्रकार आखाताकडे माणसं पाठवण्याचा. त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने केंद्र सरकारची नोंदणी आवश्यक केली. त्यासाठी लाखांच्या बँक हमीची अट घातली गेली, आणि नोंदलेल्या संस्थेलाही कामगाराकडून किती घ्यावं याची तीस हजारांची मर्यादा आखली गेली. नवख्याने या वाटेला जाऊ नये. नोंदणी नसताना मुंबईच्या एखाद्या संस्थेचा ‘पोटएजंट’ म्हणून तालुक्यात बसणं हे तर सरळ तुरुंगाचं दार ठोठावणं आहे.

आता पैशाचा हिशेब. कारखान्याशी बहुधा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे एका महिन्याच्या पगारावर, बोलणं होतं. साध्या कामाला माणशी ठरीव रक्कम मिळते, ती पुष्कळ कमी असते. समजा फिटरचा पगार १८,००० आहे. तुमचं बिल साधारण तेवढंच. पण ते हातात कधी येतं? पहिला महिना कारखान्याच्या फाटकावर खेटे घालण्यात जातो, दुसऱ्यात माणूस पसंत पडून कामावर रुजू होतो, त्यानंतर बिल, आणि बिलाचे पैसे आणखी महिना दीड महिन्याने. जागेचं भाडं, टेलिफोन, एस.टी.चं जाणंयेणं असा महिना २०,००० खर्च धरला, तर सहा महिन्यांचे १,२०,००० गाठीला हवेत. ते नसतील तर तिसऱ्याच महिन्यात हात मुलांच्या खिशाकडे वळतो. कर्ज काढून हा धंदा सुरू करू नये असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

कारखान्याकडून नुसतं ‘दहा माणसं द्या’ एवढ्यावर परत येऊ नका. वही काढा. पाळ्या किती, रात्रपाळी आहे का, जेवण कुणाचं, गाडी कुठून सुटते, आणि मुख्य म्हणजे हातात किती पडतात. समजा एकूण पगार १८,०००, त्यात मूळ पगार १५,०००. त्यावर बारा टक्के भविष्य निर्वाह निधी १,८०० गेला. राज्य विम्याचे पाऊण टक्क्याने १३५ गेले. व्यवसाय कराचे २०० गेले. उरले १५,८६५. त्यातून खोलीचं भाडं आणि मेस. मुलाच्या बापाला अठरा हजार सांगून धाडलंत आणि पहिल्या महिन्याला घरी तीन हजारच आले, तर बाप कारखान्याला नाही, तुम्हाला शिव्या देणार. निधीचे पैसे बुडत नाहीत, मुलाच्याच नावावर साठतात, हेही त्याला नीट समजावून सांगावं लागतं.

मुलांच्या बाजूनेही पारख हवी. आय.टी.आय.चं प्रमाणपत्र आहे म्हणजे वेल्डिंग येतं असं नाही. एक सांधा जोडायला लावून पाहा. आधार कार्डावर ‘ज्ञानेश्वर’ आणि गुणपत्रिकेवर ‘ज्ञानोबा’ असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. निधीचं खातं पुढं तिथंच अडतं. मूळ गुणपत्रिका मात्र कधीही ठेवून घेऊ नका. पाहा, नक्कल घ्या, परत करा. इथं गुरुजींचा मोठा उपयोग आहे. कोणता मुलगा यंत्रापाशी रमेल आणि कोणता चौथ्या दिवशी घरी येईल, हे त्यांना कचेरीवाल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि कुणी गावात अर्ज भरून घेऊन गणवेशाचे, प्रशिक्षणाचे म्हणून पैसे मागत असेल, तर त्या कंपनीला परस्पर विचारून खात्री करणंही गुरुजींना सहज जमेल.

सुरुवातीला एकच औद्योगिक वसाहत आणि दोन-तीन प्रकारची कामं घ्या. कामावर गेलेल्या मुलाला सातव्या दिवशी आणि महिन्याच्या शेवटी फोन करा. कारखाने बहुधा तीन महिन्यांची हमी मागतात: माणूस सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा. ही हमी लिहून देताना पंचांग पाहावं. एप्रिलात लावलेला मुलगा मृग लागला की पेरणीला येतो, ऑगस्टातला गणपतीला येतो, आणि दोघांपैकी एखादा परत जात नाही. सुट्टी किती मिळेल ते कारखान्याच्या साहेबांकडून रुजू होण्याआधीच कागदावर घ्या, आणि त्याची एक प्रत मुलाच्या घरी द्या.