मेडिकल वॉर्डातली सकाळपाळी

पावणेआठ. नाइटच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांचा ताबा, घ्यायची ती खाटेपाशी उभं राहून. टेबलावर बसून घेतलेली ओव्हर मला पटत नाही. सलाईन किती उरलंय, सुईची जागा सुजलीय का, युरोबॅगेत लघवी किती, हे दोघींनी मिळून बघायचं. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. सलग दोन तास कमी झाली, तर राउंडची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

साडेआठ. टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, आणि बीपी. यात सर्वांत जास्त हेळसांड होते ती श्वासाची. चार्टवर ओळीनं सगळ्यांपुढे '२०' दिसलं की माझा जीव तुटतो, कारण रुग्ण खालावू लागला की बरेचदा आधी श्वासच वाढतो. शिकाऊ मुलींना मी सांगते, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. तसंच धरून छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजा. आपला श्वास मोजतायत हे कळलं, की माणसाचा श्वास बदलतो. आज एका मामांचा २८ भरला. डोकं उंच केलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, डॉक्टरांना लगेच बोलावलं.

नऊ. औषधं. नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि केसपेपरशी ताडायचं. 'तुम्ही पाटीलच ना?' असं विचारलं, तर गुंगीतला माणूस हो म्हणतोच.

दहा. अर्धांगवायू झालेल्या आजोबांची पाठ. "दादा, इकडून हात लावा, ओढू नका, उचला," मी त्यांच्या मुलाला म्हटलं. ओढलं की चादरीवर कातडी घासते. कोमट पाण्यानं पुसून पाठ कोरडी केली. माकडहाडावर लाली होती. बोटानं दाबून सोडलं. पांढरं पडलंच नाही. म्हणजे बेडसोअरची सुरुवात. मुलानं लगेच पावडरचा डबा पुढे केला. पूर्वी आम्हीही स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायचो, पण लाल जागा चोळली की आतली इजा वाढते. त्या जागेवरचा भार काढणं, हाच उपाय. पाठीमागे उशी देऊन कुशीवर तिरकं केलं, पोटऱ्यांखाली दुसरी उशी दिली, टाचा अधांतरी ठेवल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीची एक चुणीही या कातडीला महागात पडते, म्हणून ती ताणून घेतली.

अकरा. राउंड, रक्ताचे नमुने, धावपळ.

बारा. आजोबांचं नळीतून फीड. नाकापाशी नळीवरची खूण सरकलेली नाही हे बघितलं, खाटेचं डोकं ४५ अंशांवर घेतलं. पेज सावकाश, आपल्या भारानं उतरू द्यायची. पिचकारीनं ढकलायची नाही. नंतर तासभर त्यांना आडवं करायचं नाही, नाहीतर पोटातलं उलटून फुप्फुसात जातं.

दीड. दादाला पुन्हा बोलावलं. डिस्चार्जनंतर हे सगळं त्यालाच करायचंय. उद्या बाराचं फीड तो देईल, मी शेजारी उभी राहीन.