तुमच्या आजाराची नोंद कोणाजवळ आहे?

"डॉक्टरसाहेब, माझे सगळे तुमच्या कॉम्प्युटरात आहे ना? मग ही कागदांची पिशवी कशाला वागवू?" हा प्रश्न हल्ली दर आठवड्याला कोणीतरी विचारतो. प्रश्न रास्त आहे. बँकेचे पासबुक घरी विसरले म्हणून कोणाचे पैसे बुडत नाहीत. मग आजाराचे कागद विसरले तर काय बिघडले?

बिघडते, कारण पेण-रोह्यातील माझ्या पाहण्यातल्या बहुतेक दवाखान्यांच्या कॉम्प्युटरात तुमचे नाव, मोबाइल नंबर आणि बिल असते. तुमचा आजार अजून कागदावरच असतो. आपल्याकडे कॉम्प्युटर आधी मेडिकल स्टोअरमध्ये आला, मग लॅबमध्ये, आणि डॉक्टरांच्या टेबलावर सर्वांत शेवटी. तो आला तोही हिशेबासाठी. आजाराची नोंद म्हणून त्याच्याकडून काय काय अपेक्षा आहेत, आणि त्या कशा वाढत गेल्या, हे एकदा सांगितले पाहिजे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टर मंडळी दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखे रजिस्टर ठेवीत. आज कोण आले, काय दिले. एकाच रोग्याचे मागचे दुखणे शोधायचे तर पाने उलटत बसावे लागे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरांनी १९०७ साली प्रत्येक रोग्याला एक क्रमांक दिला आणि त्याचे सगळे कागद एकत्र ठेवण्याची पद्धत घातली. रोजकीर्दीची खातेवही झाली म्हणा ना! आपल्या केसपेपरचे तत्त्व तेच.

मी १९९०च्या दशकात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा जुन्या डॉक्टरांकडे अख्ख्या कुटुंबाचे मिळून एकच कार्ड असे. वर कुटुंबप्रमुखाचे नाव, खाली आजीचा दमा, सुनेचे बाळंतपण, धाकट्याचा गोवर, सगळे एका रांगेत. अक्षर कंपाउंडरशिवाय कोणाला लागत नसे. तरी ते कार्ड चाले, कारण अर्धी नोंद कार्डावर आणि अर्धी डॉक्टरांच्या डोक्यात असे. डॉक्टर गेले की ती अर्धी त्यांच्याबरोबर जाई. उरलेली अर्धी वाळवी आणि कोकणातला पावसाळा खाई.

कागदावरची नोंद कमी प्रतीची, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांजवळ तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी केल्या. तांबड्या विंचवाचे विष हृदयावर कोणत्या क्रमाने परिणाम करते हे त्यातून उलगडले. १९८२ साली ती निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपचार आला. आज कोकणात विंचू चावला म्हणून मरणारे माणूस विरळा, त्यामागे ते कागद आहेत. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. सांगायचा मुद्दा एवढाच, की पाहिलेलेच नसेल तर कॉम्प्युटर तरी काय साठवणार?

कागदाची अडचण निराळी होती. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याला त्यातून अर्थबोध होत नसे. १९६८ साली लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की केसपेपराच्या पहिल्या पानावर रोग्याच्या सगळ्या तक्रारींची यादी हवी. मग प्रत्येक तक्रारीखाली रोगी काय सांगतो, तपासणीत काय दिसले, डॉक्टरांना काय वाटते आणि पुढे काय करणार, हे याच क्रमाने लिहावे. वैद्यकीय शिक्षणात हा क्रम आजही शिकवतात. अशी शिस्तीची नोंद दुसरा डॉक्टर वाचू शकतो, आणि कॉम्प्युटरही.

अपेक्षेचे खरे वळण त्यानंतरचे. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे क्लेमेंट मॅक्डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून रोग्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायला सुरुवात केली होती. नुसते साठवून न थांबता त्यांनी कॉम्प्युटरला बोलायला लावले. अमुक औषध चालू आहे, तर तमुक तपासणी करायची राहिली आहे, अशी आठवण छापील कागदावर डॉक्टरांसमोर येई. १९७६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठवण मिळाली तेव्हा डॉक्टरांनी १०० पैकी ५१ वेळा आवश्यक ती कृती केली, आणि आठवण नव्हती तेव्हा फक्त २२ वेळा. डॉक्टर तेच होते, हुशारीही तीच. सकाळपासून साठ रोगी पाहिल्यावर एकसष्टाव्याची क्रिएटिनिन तपासणी आठवत नाही, इतकेच. मी स्वतः एमबीबीएस डॉक्टर आहे आणि ही आकडेवारी मला मुळीच अपमानास्पद वाटत नाही. गर्दीच्या दिवशी अशी आठवण करून देणारे कोणी असावे असेच वाटते.

२००३ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या नोंदीची कामे आठ गटांत मांडली. माहिती साठवणे, तपासण्यांचे निकाल देणे, औषधांच्या सूचना नोंदवणे, डॉक्टरांना निर्णयात मदत करणे, एका दवाखान्याचे दुसऱ्याशी बोलणे, रोग्याला स्वतःची काळजी घ्यायला मदत करणे, दवाखान्याचा कारभार आणि सार्वजनिक आरोग्याचे अहवाल. बिल हे त्या आठांतल्या एका गटाचे एक काम. आपण तेवढे उचलले आणि बाकीचे ठेवून दिले.

उरलेल्या कामांची किंमत किती, ते एका रोग्यावरून कळेल. रोह्याच्या एका काकांची हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त गोठू नये यासाठी त्यांना रोज गोळी असते. मुलाकडे दुसऱ्या गावी गेले असताना गुडघा धरला. तिथे त्यांना वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले आणि चक्कर आली. वेदनाशामकाने जठराचे अस्तर खरवडले जाते, आणि रक्त न गोठण्याची गोळी चालू असली की ते रक्त थांबत नाही. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, काका वाचले. देणाऱ्या डॉक्टरांना झडपेची माहिती नव्हती. काकांनी सांगितली नाही, कारण गुडघ्याचा आणि झडपेचा काय संबंध, असे त्यांना वाटले. नोंद एका गावात आणि रोगी दुसऱ्या गावात, असा हा प्रकार आहे. दोन्हीकडची नोंद जोडलेली असती तर ती गोळी लिहितानाच पडद्यावर लाल सूचना आली असती.

मात्र याही गोष्टीला दुसरी बाजू आहे. अमेरिकेत २००९ साली कायदा करून सरकारने डॉक्टरांना अशी नोंद वापरण्यासाठी पैसे दिले. त्यानंतर तिथल्या डॉक्टरांच्या तक्रारी सुरू झाल्या, की आमचे डोळे रोग्याकडे कमी आणि पडद्याकडे जास्त असतात. सूचना इतक्या येतात की सगळ्याच न वाचता पुसल्या जातात, महत्त्वाची तीसुद्धा. कालची टिपणे आज जशीच्या तशी चिकटवली जातात. टंकलेखनासाठी तपासणी आटोपती घेणारा डॉक्टर मला नको, आणि तुम्हालाही नको असावा.

आता आपल्याकडे येऊ. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात रायगड होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी रोग्याचे रिपोर्ट कॉम्प्युटरवरून पाठवणे तेव्हा रुग्णालयांच्या अंगवळणी पडले. गरिबांना त्याचा मोठा फायदा झाला यात शंका नाही. पण ही नोंद मंजुरी देणाऱ्यासाठी आहे. सहा महिन्यांनी खोकला झाला म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात तर ती माझ्यापर्यंत येत नाही.

जोडलेली नोंद म्हणजे काय, ते आपण सर्वांनी २०२१ साली पाहिले आहे. कोविडच्या लसीचा पहिला डोस पेणला घेतलेल्याला दुसरा रोह्याला मिळत होता, आणि पहिला कधी, कोणत्या लसीचा, हे तिथल्या सिस्टरना पडद्यावर दिसत होते. क्षयरोगाचेही तसेच. २०१२ पासून 'निक्षय' या प्रणालीत क्षयरोग्यांची नोंद होते. आपल्या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेरगावी जातात. पूर्वी भट्टीवर गेलेल्याचा उपचार तिथेच तुटे आणि पावसाळ्यात तो जास्त आजारी होऊन परते. आता नव्या गावच्या आरोग्य केंद्राला त्याच्या क्रमांकावरून पुढची औषधे चालू ठेवता येतात, निदान व्यवस्था तशी आहे. ज्याच्याकडे फाइल ठेवायला कपाट नाही, त्याला या नोंदीची गरज सर्वांत जास्त.

धाटावच्या कारखान्यांत काम केलेल्यांना आणखी एक सांगतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगाराच्या आरोग्याची नोंद कारखान्याने ठेवावी आणि कामगाराला ती पाहता यावी, अशी तरतूद तेव्हा आली. निवृत्त झालेले कितीतरी जण दम लागतो म्हणून येतात, पण वीस वर्षे कोणत्या रसायनाजवळ होतो हे त्यांना सांगता येत नाही. नोकरी सोडताना आपल्या वैद्यकीय तपासण्यांच्या प्रती मागून घ्या. फुप्फुसाच्या क्षमतेचा दहा वर्षांपूर्वीचा आकडा मिळाला तर आजच्या आकड्याला अर्थ येतो.

राहिले आभा कार्ड. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. आभा हा त्यातला १४ अंकी क्रमांक. पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो: मोफत उपचाराचे आयुष्मान कार्ड वेगळे आणि आभा वेगळे. आभाने एक रुपयाही मिळत नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांतील तुमच्या नोंदी एका धाग्यात ओवण्यासाठी तो क्रमांक आहे. नोंदी एका जागी गोळा होत नाहीत, जिथल्या तिथे राहतात, आणि तुम्ही संमती दिलीत तर दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. माझे मत विचाराल तर काढावा, पण मोबाइलवर आलेली संमती वाचल्याशिवाय देऊ नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. एखाद्या मुलीच्या मानसिक आजाराची किंवा गर्भपाताची नोंद गावात फुटली तर काय होते, हे मी लिहायला नको. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे.

तरीही पिशवी टाकू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाचे कामकाज कित्येक दिवस कागदावर चालले. पेणमध्ये तर त्यासाठी हल्ल्याचीही गरज नाही, जुलैतली एक वीज पुरते.

रुग्णालयातून घरी जाताना डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे दाखल रोग्याची नोंद डॉक्टरांनी ३ वर्षे ठेवायची आहे, आणि रोग्याने मागितली तर ७२ तासांत द्यायची आहे. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एका कोऱ्या कागदावर त्याचे जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, रोजच्या गोळ्यांची नावे आणि मात्रा, तसेच कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती, हे लिहा आणि वर तारीख घाला. "पांढरी छोटी गोळी" असे लिहू नका, पाकिटावरचे नाव उतरवा. जमत नसेल तर शाळेतल्या नातीला सांगा, ती सुरेख लिहील. त्या कागदाचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता अलिबागला किंवा पनवेलला न्यायची वेळ आली तर तोच हाती लागतो.

आणि ईसीजीची ती गुळगुळीत पट्टी. तिच्यावरची रेघ काही वर्षांत फिकी पडत पडत नाहीशी होते, आणि छातीत दुखून आलेल्या माणसाची जुनी रेघ समोर असली तर निदान फार लवकर होते. म्हणून ईसीजी काढला त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका, त्या उष्णतेने अख्खी पट्टी काळी होते.