विश्लेषण : उन्हाळ्यात कॉम्प्युटर अडखळतो… प्रोसेसरचा 'ताप' कसा मोजायचा?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या वेळी कॉम्प्युटर रडकुंडीला येतो. अंबड-सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधले डिझाइनचे मशीन असो की गच्चीलगतच्या खोलीत मुलांनी मांडलेला डेस्कटॉप, लक्षणे सारखीच. पंखा घरघरतो, माऊस अडखळतो आणि कधी कधी मशीन काही न सांगता बंद पडते. पहिला संशय व्हायरसवर, दुसरा विंडोजवर. फॉरमॅट मारूनही फरक पडत नाही, तेव्हा नव्या मशीनची चर्चा सुरू होते. कारण मात्र अनेकदा पंख्यात साचलेली धूळ एवढेच असते. चाळीस-पन्नास हजार खर्च करण्याआधी दहा मिनिटांत, तेही फुकट, हे तपासता येते.

प्रोसेसर तापल्यावर काय होते?

प्रोसेसरला कमाल तापमानाची मर्यादा ठरवून दिलेली असते. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरना ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बऱ्याच प्रोसेसरना ९५ अंश असते. ती जवळ आली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. याला 'थ्रॉटलिंग' म्हणतात. त्यानेही भागले नाही तर वीज तोडून मशीन बंद केले जाते. म्हणजे दुपारी अचानक बंद पडणे हा बिघाड नसून बचाव असू शकतो.

ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने एक व्हिडीओ दाखवला होता. चालू कॉम्प्युटरमधील प्रोसेसरवरचा हीटसिंक काढल्यावर पेंटियम ४चा वेग घसरला, पण तो चालत राहिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. त्या व्हिडीओची चर्चा पुढे बरीच वर्षे होत राहिली.

सॉफ्टवेअर तापमान मोजते का?

नाही. मोजतो तो प्रोसेसरच्या आतला सेन्सर. सॉफ्टवेअर फक्त त्याचा आकडा वाचून पडद्यावर दाखवते. गंमत अशी, की इंटेलचा सेन्सर तापमान थेट सांगतच नाही. मर्यादेपासून आपण किती अंश दूर आहोत, एवढेच तो कळवतो आणि वजाबाकी सॉफ्टवेअर करते. त्यामुळे वरच्या पट्ट्यातला आकडा जास्त भरवशाचा, खालचा थोडा सैल. एएमडीच्या पहिल्या पिढीतील रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर तर पंख्याचे नियंत्रण सोपे जावे म्हणून मुद्दाम २० अंश जास्त आकडा कळवत. २०१७ मध्ये कंपनीला त्याचा खुलासा करावा लागला होता.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

विंडोजचा टास्क मॅनेजर २०२० पासून ग्राफिक्स कार्डाचे तापमान दाखवतो, पण प्रोसेसरचे नाही. त्यासाठी कोअर टेम्प, एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एक पुरेसे आहे. लिनक्सवर 'एलएम-सेन्सर्स' आहे. नवख्याला कोअर टेम्प सोपे, पण निदान करायचे तर एचडब्ल्यूइन्फोला पर्याय नाही. त्यात चालू, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने असतात आणि थ्रॉटलिंग झाले का, याचे थेट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मिळते.

सेन्सरपर्यंत पोहोचायला या सॉफ्टवेअरना विंडोजच्या गाभ्यात शिरावे लागते. म्हणून ती निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत, कोणीतरी पाठवलेल्या लिंकवरून कदापि नाही. अशा अनेक सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'विनरिंगझिरो' या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची त्रुटी असल्याने मार्च २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्याला अडवू लागला. तसा इशारा आला तर डिफेंडर बंद करू नये, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी.

किती आकडा म्हणजे काळजी?

इथेच बहुतेकांची फसगत होते. पंखा खोलीतलीच हवा फेकत असल्याने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. जानेवारीत, निफाडचा पारा एक आकडी असताना, जे मशीन ३० अंश दाखवते, तेच मेमध्ये काही काम नसताना ५५ दाखवेल. त्यात बिघड काही नाही. पाहायचा तो खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान यांतला फरक. मागच्या वर्षी त्याच कामाला तो ३५ होता आणि यंदा ५० झाला, तर धूळ साचली किंवा पेस्ट वाळली असे समजावे.

ढोबळमानाने, जड काम चालू असताना डेस्कटॉपचा ८० ते ८५पर्यंतचा आकडा चालतो. तो सतत ९५ला चिकटून राहत असेल तर दुर्लक्ष नको. पातळ लॅपटॉप मात्र जड कामात नव्वदीत जातातच. यादीत एखादा आकडा १२७ किंवा उणे दिसला तर घाबरू नये, मदरबोर्डवर न जोडलेल्या सेन्सरची ती थाप असते.

मग करायचे काय?

मशीन बंद करून, प्लग काढून धूळ उडवावी. उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, भन्नाट फिरू देऊ नये. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला कॅबिनेट बाहेर काढला तरी काही अंशांचा फरक पडतो. मशीन चार-पाच वर्षांचे असेल तर थर्मल पेस्ट बदलावी, मटारच्या दाण्याएवढी पुरते. एएमडीच्या एएम४ मशीनमध्ये कूलर सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून, बंद करून, कूलर हलका पिळत काढावा. वॉरंटीतील लॅपटॉप घरी उघडू नये.

आणि मोबाइलचे? अँड्रॉइडवरील बहुतेक 'टेम्परेचर' अ‍ॅप बॅटरीचे तापमान दाखवतात, प्रोसेसरचे नाही. 'एका क्लिकमध्ये फोन थंड' म्हणणारी अ‍ॅप तर टाकूच नयेत. ती फार तर मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात. त्यापेक्षा कव्हर काढणे आणि चार्जिंग थांबवणे जास्त उपयोगी. आयफोन वापरताना भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, असे अ‍ॅपल सांगते. नाशिकची मे महिन्यातील दुपार ती मर्यादा सहज ओलांडते.