पेढीचा संगणक आणि त्याची राखण

दिवेलागणीनंतर पेढीचे कुलूप दोनदा ओढून पाहिल्याखेरीज धान्याचा व्यापारी घरची वाट धरीत नाही. गल्ल्याची किल्ली कोणाजवळ व गोदामाची कोणाजवळ, हे त्यास झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. परंतु ज्या संगणकात आज त्याची खतावणी, येणे-देणे, जीएसटीची बिले व बँकेचे व्यवहार साठविलेले आहेत, त्याची किल्ली कोणाकोणाजवळ आहे असे विचारले असता तोच व्यापारी निरुत्तर होतो. आम्हीही असेच निरुत्तर झालो होतो व त्याची किंमत मोजून चुकलो आहोत. तो अनुभव आणि त्यापासून घेतलेले धडे व्यापारी बंधूंपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. या विषयातील पांडित्याचा दावा आम्ही करीत नाही.

आमची पेढी देवास येथे असून एक गोदाम धार येथे आहे. मध्ये इंदूर धरून सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर. पूर्वी धारचा रोजमेळ बसने येई व दुसऱ्या दिवशी हाती पडे. संगणक आल्यावर धारची खाती देवासला बसल्या बसल्या पाहता यावीत, अशी सोय एका तरुण कारागिराने अर्ध्या तासात करून दिली. इंटरनेटची तार ज्या पेटीत येते व जेथून ती सर्व यंत्रांस वाटली जाते, त्या पेटीस राउटर म्हणतात. कारागिराने या राउटरमधील एक दार बाहेरच्या जगास उघडे केले आणि पासवर्ड म्हणून पेढीचे नाव व त्यापुढे १२३ असे आकडे घातले. आम्ही त्याचे कौतुक करून चहा पाजला.

सन २०२१ मध्ये, सोयाबीनचा हंगाम भरात असता, एके सकाळी धारच्या मुनीमजींनी संगणक उघडला तो एकही खाते उघडेना. पडद्यावर खंडणी मागणारी इंग्रजी चिठ्ठी होती. कोणी परक्याने त्या उघड्या दारातून शिरून सर्व हिशेबास आपले कुलूप घातले होते. हिशेबाची नक्कल आम्ही काढीत असू. परंतु ज्या पेनड्राइव्हवर ती होती, तो वर्षभर त्याच संगणकास लावलेला. मूळ व नक्कल दोन्ही एकाच कुलपात अडकली.

खंडणी आम्ही दिली नाही, कारण पैसे घेऊन चोर किल्ली देईलच याची हमी कोण घेणार? ज्यांच्या कच्च्या वहीची आम्ही थट्टा करीत असू, त्या वृद्ध मुनीमजींनी आपल्या वह्या व तोलाईच्या पावत्या बाहेर काढल्या. १९ दिवस रात्री उशिरापर्यंत बसून खाती पुन्हा लिहिली गेली. शेतकऱ्यांचे पैसे मंडीच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी चुकते झालेले असल्याने त्यांस तोशीस लागली नाही. काही जुन्या उधारीचा पुरावा मात्र गेला तो गेलाच. मुनीमजी त्या दिवसांत आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत, हे अधिक लागले.

पहिला धडा दाराचा. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फाय जोडण्याचा, जो सर्वांस ठाऊक असतो. दुसरा राउटरची व्यवस्था बदलण्याचा, ज्याची आठवण कोणासही राहत नाही. दोन्ही कारखान्यातून येतात तसेच ठेवणे म्हणजे बाजारातील सर्व कुलपांस एकच किल्ली असणे होय. कॅमेऱ्यांचीही तीच गत. सन २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने कारखान्याचेच पासवर्ड असलेले हजारो कॅमेरे व राउटर कब्जात घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. चोरीस आळा घालण्यासाठी बसविलेला कॅमेरा असा चोराचाच नोकर होतो. म्हणून दोन्ही पासवर्ड बदलावेत, वाय-फायचे संरक्षण ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ असे ठेवावे आणि बाहेर उघडणारी दारे बंद करवून घ्यावीत. दूरची खाती पाहणे आवश्यकच असेल, तर ‘व्हीपीएन’ नावाचा बंदिस्त मार्ग जाणकाराकडून बसवून घ्यावा. आम्ही आता धारची खाती याच मार्गाने पाहतो.

दुसरा धडा विभागणीचा. देवासच्या रहिवाशांस तो नव्याने शिकण्याचे कारण नाही. पवारांची थोरली व धाकटी पाती, असे दोन दरबार या एकाच गावात १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत नांदले. राउटरमध्येही अशा दोन पात्या करता येतात. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय चालू करण्याची सोय असते. हिशेबाचा संगणक थोरल्या पातीत ठेवावा. गिऱ्हाईक, ट्रकचालक, मुलांचे मोबाइल व कॅमेरे धाकट्या पातीत घालावेत. एका पातीतील रोग मग सहसा दुसरीत जात नाही.

तिसरा धडा नकलेचा. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी, संगणकापासून सोडवून ठेवलेली असावी. आमची धारची प्रत आता देवासच्या तिजोरीत व देवासची प्रत धारच्या तिजोरीत असते. महिन्यातून एकदा ती उघडून पाहतो, कारण न उघडलेली नक्कल व न तपासलेले पोते यांचा भरवसा सारखाच.

चौथा धडा डागडुजीचा. दि. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक अडविले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती बसविली नाही, ते सापडले. ‘विंडोज १०’ ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे, हेही बंधूंनी ध्यानी घ्यावे.

आता प्रोग्रामविषयी. प्रोग्राम म्हणजे अत्यंत आज्ञाधारक, परंतु स्वतःची अक्कल न चालविणाऱ्या मुनिमास दिलेली क्रमवार आज्ञा. आमच्या नातवाने बिलाचा एक लहान प्रोग्राम लिहिला : एकूण वजनातून बारदान वजा करावे, उरलेल्यास भावाने गुणावे. ५० पोत्यांचे वजन २,५३० किलो, बारदान दर पोत्यास ०.६ किलो, म्हणून निव्वळ माल २५ क्विंटल. ४,६०० रुपये भावाने १,१५,००० रुपये. परंतु ०.६ च्या जागी चुकून ६ पडले, तर यंत्र निमूटपणे २७० किलो अधिक कापते आणि शेतकरी १२,४२० रुपयांस बुडतो. म्हणून दर पोत्यास एक किलोहून अधिक बारदान आल्यास थांबून विचारावे, अशी आज्ञा त्यात घालविली आणि हाताने केलेल्या जुन्या दहा बिलांशी ताळा पाहिला. ताळा जमेपर्यंत कोणताही प्रोग्राम गल्ल्याजवळ येऊ देऊ नये. फुकट मिळालेला अनोळखी प्रोग्राम तर मुळीच नको.

शेवटी ठकबाजीविषयी. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा संदेश ओळखीच्या पेढीकडून आला, तरी जुन्या क्रमांकावर आवाज ऐकून खात्री केल्याखेरीज रक्कम धाडू नये. यूपीआयने पैसे घेण्यास पिन लागत नाही; पिन मागितला की समजावे, पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच, तर लाजेने घटका न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची आशा अधिक.

दिवाळीस आपण वहीपूजन करतो. आमच्या पेढीवर त्या दिवशी आता आणखी एक विधी असतो. सर्व पासवर्डांची यादी तपासली जाते, सोडून गेलेल्या नोकरांची नावे संगणकातून काढली जातात आणि तिजोरीतील नक्कल उघडून पाहिली जाते. मग तिच्या शेजारी मुनीमजींची कच्ची वही ठेवून दोहोंस कुंकू लावतो. ती वही आजही रोज लिहिली जाते, आणि तिची थट्टा करण्याची आमच्या पेढीवर आता कोणाचीही छाती नाही.