ह्यांची गाडी, माझा पाना

तारकर्लीत पर्यटकांना घरगुती जेवण घालायचं म्हणजे सकाळी लवकर मालवणचा मासळी बाजार गाठायला हवा. हे होते तोवर ती फेरी त्यांची आणि त्यांच्या जुन्या स्प्लेंडरची. ते गेल्यावर दीर म्हणाले, "वैनी, भंगारात घाला ती." मी रोजच्या रिक्षाभाड्याचा हिशेब मांडला आणि गाडी ठेवली. गाडी शिकले, मग पानाही हातात घेतला. शेजारच्या काकी अजून विचारतात, "काय गो, मेस्त्रीन झालंस काय?"

मैत्रिणींनो, स्प्लेंडर 1994 साली आली आणि तिची पुढची भावंडं आजही विकली जातात. त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. येझदीवाल्यांना हे सुख नाही, त्यांचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद पडला.

आपल्या किनाऱ्यावर खरा वैरी खारा वारा. मीठ ओल धरून ठेवतं आणि लोखंड खातं. म्हणून आठवड्याला गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुते, फडक्याने कोरडी करते. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर मारायचा नाही, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर आधी वायरी सोडवायच्या. मग खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून टोकं पुसायची, सुकली की वर व्हॅसलिन.

चेन पत्र्याच्या कव्हरात असते, त्याला एक रबरी बूच असतं. इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. बूच काढून बोटाने चेन वरखाली हलवायची. दोन-अडीच सेंटीमीटर हलली तर ठीक. मग चाक हाताने हळूहळू फिरवत तिथूनच तेल सोडायचं. बोटं मात्र जपा हं!

किक मारून पाय दुखला तरी गाडी ढिम्म? आधी पेट्रोलचा कॉक बघा, रिझर्व्हवर करा. मग इंजिन थंड असताना प्लगपान्याने प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पुसून वाळवा. काळी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो. तारेच्या ब्रशने घासून परत बसवला की बहुतेक वेळा काम होतं. प्लग आधी हातानेच फिरवत बसवायचा. पान्याने वाकडा घुसवलात तर आटे जातात, आणि तो खर्च मोठा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, कॉक बंद करा. पेट्रोलची रबरी नळी कडक झाली किंवा तडकली की लगेच बदला. ब्रेकला मात्र मी हात लावत नाही. तिथे मेस्त्रीच हवा.

आणखी एक, जे आपल्याला कुणी सांगत नाही. मालक वारल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. फॉर्म 31 भरून तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. दिवसकार्यातच महिना सरतो, म्हणून घरातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. विमाही नावावर करून घ्या. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय ओरोसला आहे, जाताना मृत्यूचा दाखला आणि आरसी बुक बरोबर न्या.