वाडा पाहताना मान वर

मुरबाडहून टोकावडे, माळशेज, आळेफाटा असं करत पुण्याला जाणाऱ्यांनी बाजीराव रोडलगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी अर्धा दिवस तरी राखावा. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) जमवलेले दिवे, अडकित्ते, वाद्यं इथं आहेत. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. पुढे सारं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. मस्तानी महालाचे अवशेष कोथरूडहून आणून आत पुन्हा उभारलेत.

तिथून चालत विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा. कोरीव लाकडी दर्शनी भाग सगळेच पाहतात. खरी गंमत सांगाड्यात. दगडी उथळ्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तिच्यावर कडीपाट. भार लाकडावर, म्हणूनच भिंत पडली तरी घर उभं राहतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घराचं माप त्यातच सांगायचं.

शहापूर-मुरबाडकरांना हे नवं नाही. सागाच्या मेढी म्हणजे खांब आणि शेणामातीनं लिंपलेला कारवीचा कूड, हे त्याच जातीचं बांधकाम. नक्षी तेवढी नाही.